मान टाकलीय, मेलेलं नाहीये!

हौसेनं आणलेली रोपं तिसऱ्या दिवशी माना का टाकतात? उत्तराच्या शोधात पुण्याहून थेट काष्टीच्या शेतात पोचलेल्या एका नापास बाल्कनी-शेतकरणीचा हा वीकेंड रिपोर्ट…

आधी कबुली देऊन टाकते. माझ्या नावावर बारा खून जमा आहेत. सहा टोमॅटो, चार मिरच्या आणि दोन वांगी!

झालं असं, की गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मैत्रिणींबरोबर मस्त ब्रंच झाला आणि परत येताना रस्त्याकडेच्या एका नर्सरीसमोर गाडी थांबली. हिरवीगार, टवटवीत, बोटभर उंचीची रोपं बघून माझ्यातली शेतकरीण जागी झाली. डझनभर रोपं उचलली. दुपारी दीड वाजता, ऐन उन्हात, पश्चिमेच्या बाल्कनीत कुंड्या मांडल्या. रोपांच्या मुळांना चिकटलेला तो तपकिरी भुसा मला काही हायजिनिक वाटेना, म्हणून तो नळाखाली स्वच्छ धुऊन काढला. मग रोपं लावली, फोटो काढला, स्टेटसला टाकला. सत्तेचाळीस लाइक्स!

सोमवारी सकाळी रोपांनी माना टाकल्या. मी घाबरून दिवसातून तीन-तीनदा पाणी घातलं. मंगळवारी ती आडवी झाली. बुधवारी खेळ खल्लास. आणि मंडळी, हे पहिल्यांदा नव्हतं घडत. सलग तिसरं वर्ष होतं. ऑफिसात बसणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींची हीच रड आहे. ‘माझ्या हाताला झाडं जगतच नाहीत गं’ हे वाक्य आपण सगळ्याच कधी ना कधी बोललोय. जणू काही तो हाताचाच दोष!

शेवटी काष्टीच्या आत्याला फोन लावला. सगळी कहाणी ऐकून पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आत्या म्हणाली, “तू त्याला आंघोळ घातली?”

“हो. म्हणजे… मुळं धुतली.”

“आन् दुपारी लावलं?”

“सुट्टी तेव्हाच होती ना.”

“असं कर,” आत्या म्हणाली. “शनिवारी ये. आपल्या टोमॅटोची लागण हाय. मला हात लागंल आन् तुला अक्कल यील.”

भीमेच्या पलीकडे

पुण्याहून दौंडपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. दौंड सोडलं की भीमेचा पूल लागतो. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि नगर जिल्हा सुरू होतो. २०२४ पासून कागदोपत्री तो अहिल्यानगर झालाय, पण एसटीतल्या गप्पांमध्ये अजून नगरच. श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी याच दौंड-नगर रस्त्यावर आहे. आजूबाजूला ऊस, कांदा, लिंबाच्या बागा.

शनिवार हा काष्टीच्या आठवडे बाजाराचा दिवस. जनावरांच्या बाजारासाठी हे गाव लांबलांबपर्यंत माहीत आहे. बैल, गाई, टेम्पो, चहाच्या टपऱ्या, आणि या सगळ्यातून वाट काढणारी मी. आपल्या मॉलमधली सेलची गर्दी यापुढे काहीच नाही, बॉस!

आत्याचं घर गावाबाहेर, शेतात. आत्याचे मिस्टर म्हणजे आमचे मामा. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पुण्यातल्या मैत्रिणींना हे समजावून सांगताना दरवेळी माझं अर्ध आयुष्य जातं.) मामांनी ‘आली का गं पत्रकार?’ म्हणून स्वागत केलं आणि लगेच कामाला लागले. घरात काहीतरी टेन्शन आहे, हे चहा प्यायच्या आतच कळलं.

अर्ध्या एकरात, म्हणजे वीस गुंठ्यांत टोमॅटो लावायचे होते. रोपं साडेचार हजार. मंगळवारीच रोपवाटिकेतून ट्रे आले होते. लागणीसाठी ठरवलेली बायकांची टोळी मात्र आदल्या रात्री फिरली होती. फेब्रुवारी म्हणजे ज्वारी काढणीचे दिवस, हरभराही तयार, त्यात शनिवारचा बाजार. बायका मिळणार कुठून?

“मग उद्या लावू या की,” मी आपलं सुचवलं. ऑफिसात डेडलाइन पुढे ढकलतात तसं!

आत्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

ट्रेमधलं बालपण

आधी रोपांची ओळख करून घेऊ. पत्र्याच्या शेडच्या कडेला ४६ ट्रे मांडलेले होते. काळ्या प्लॅस्टिकचे, छोट्या छोट्या कप्प्यांचे. एका ट्रेमध्ये ९८ कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक रोप. आणि कप्प्यात माती नाही, तर नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट. हो, तोच तो तपकिरी भुसा, जो मी नळाखाली धुऊन टाकला होता!

पूर्वी रोपं वाफ्यात, मातीतच तयार व्हायची. लावायच्या दिवशी ती उपटायची, जुडी बांधायची आणि शेतात न्यायची. उपटताना काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. मुळांच्या टोकांशी केसांसारखे अगदी बारीक तंतू असतात. जमिनीतलं पाणी ओढून घ्यायचं खरं काम त्यांचं. रोप उपटलं की यातले बरेचसे तुटतात. वर पानांतून मात्र पाण्याची वाफ होऊन जाणं चालूच राहतं. म्हणजे खर्च चालू आणि पगार बंद! कुठल्याही नोकरदाराला ही अवस्था समजावून सांगायला नको.

ट्रेमध्ये रोपाची मुळं कोकोपीटला गच्च धरून बसतात. कप्प्यातून काढलं की मुळांसकट अख्खा गड्डा अलगद बाहेर येतो. मुळं तुटत नाहीत. म्हणून हे रोप लवकर सावरतं. पण त्यालाही मुदत आहे. टोमॅटोचं रोप साधारण २५ ते ३० दिवसांत लावायला तयार होतं. मिरचीला ३५ ते ४० दिवस लागतात, वांग्याला त्याच्या आसपास. त्यापुढे ठेवलं तर मुळं कप्प्यातच गोल गोल फिरायला लागतात आणि रोप लांबडं, काटकुळं होतं. आत्याची रोपं त्या शनिवारी ३० दिवसांची झाली होती.

आणि नुसतं रोपाचंच वय नाही, उन्हाचंही गणित आहे. उन्हाळी टोमॅटोचं बी डिसेंबर-जानेवारीत टाकतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत लागण करतात. कारण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं की टोमॅटोची फुलं गळतात, फळ नीट धरत नाही. म्हणजे ऊन तापायच्या आत रोपानं मूळ धरायला हवं, वाढायला हवं. लागण एक आठवडा लांबली तर तो आठवडा पुढे फुलांच्या वेळी वसूल होतो.

तिसरं गणित विजेचं. त्या आठवड्यात आत्याकडे शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत होती. संध्याकाळी लागण, रात्री वीज आली की ठिबक चालू, आणि सकाळपर्यंत रोपांच्या बुडाशी छान ओल. सोमवारपासून पाळी बदलणार होती. म्हणून शनिवारच.

चार दिवसांचं ट्रेनिंग

रोपं शेडच्या कडेला उघड्यावर का ठेवली होती, तेही विचारलं. मला वाटलं, घरात जागा नसेल.

“उन्हाची सवय लावली,” आत्या म्हणाली. “तिकडं जाळीखाली लाडात वाढली ती. दोनदोनदा पाणी, वर सावली. एकदम रानात नेऊन उभी केली तर टिकत्यात व्हय?”

तर ही होती माझ्या खुनांची पहिली उकल. रोपवाटिकेत रोपं शेडनेटच्या सावलीत वाढतात. लावायच्या आधी चार-पाच दिवस त्यांना हळूहळू ऊन दाखवायचं, पाणी जरा हात आखडून द्यायचं. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. यानं रोपाचं खोड टणक होतं, पानं जाड होतात, वाढ जरा थांबते आणि अंगात दम येतो. शेतकऱ्यांच्या भाषेत रोप कणखर करायचं. मी मात्र माझ्या डझनभर रोपांना सावलीतून उचलून थेट दुपारी दीडच्या पश्चिमेच्या उन्हात उभं केलं होतं. जॉइनिंगच्या पहिल्याच दिवशी क्लायंट मीटिंग!

गंमत म्हणजे ही युक्ती जगभर चालते, फक्त शत्रू बदलतो. माझी कॉलेजातली एक मैत्रीण न्यू जर्सीत असते. ती मार्चमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर मिरच्या-टोमॅटोचं बी टाकते आणि मेपर्यंत रोपं घरात सांभाळते. तिकडे भीती उन्हाची नाही, रात्रीच्या हिमकडाक्याची. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे असतो, तो होऊन गेल्याशिवाय रोपं बाहेर लावायची नाहीत, असा तिच्याकडचा ठोकताळा. जर्मनीत तर यासाठी चक्क संत नेमलेत! ११ ते १५ मे या दिवसांना तिथे ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते होऊन गेले की टोमॅटो अंगणात. पण बाहेर लावायच्या आधी तिकडेही रोज तास-दोन तास रोपं बाहेर नेऊन ठेवायची आणि परत आत आणायची, ही कवायत आलीच. तिकडे वसंतात थंडी जायची वाट बघतात, आपल्याकडे वसंतात ऊन यायच्या आत उरकायचं असतं. एवढाच फरक.

गेल्या वर्षीचा हिशेब

पण मुद्दा बायकांचा होता. मी म्हटलं, “आत्या, बाजार सुटल्यावर रोजानं कुणी येईल की दुपारी.”

तेव्हा आत्यानं आदल्या वर्षीची गोष्ट सांगितली. रोजाचा दिवस असतो सकाळी दहा ते पाच. टोळी आली, पैसे ठरले, मग चार वाजायची वाट कोण बघणार? दुपारी एकपासून भर उन्हात लागण झाली. वर ऊन, खाली मल्चिंगचा तापलेला कागद, त्यात सुटलेला गरम वारा. तीन दिवसांत साडेचार हजारांतली बाराशेच्या वर रोपं गेली. मग नांग्या भरल्या. नांग्या म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, तिथे पुन्हा नवीन रोप लावायचं. पण मागून लावलेलं रोप मागेच राहतं. एकाच रानात दोन वयाची झाडं. एकाला फुलं तर दुसरं अजून गुडघ्याएवढं. फवारणीचं वेळापत्रक दोन, तोडणीचं दोन. मजुरी वाढली, माल घटला.

“औंदा गटातून उचल घेतलीया,” आत्या हळूच म्हणाली. मामा ऐकणार नाहीत अशा बेतानं. बचत गटातून तिनं स्वतःच्या नावावर कर्ज काढलं होतं. रोपं, मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, सगळं त्यात. “गेल्या सालासारखं झालं, तर गटात तोंड कुठं दावू?”

माझे बारा खून अचानक फार किरकोळ वाटायला लागले.

चारनंतरची शिफ्ट

दुपारी जेवण झाल्यावर आत्यानं पाच फोन केले. ‘सावड’ एवढा एक शब्द तेवढा मला प्रत्येक फोनमध्ये ऐकू आला. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात, पैशांचा व्यवहार नाही. ही सावड. आपल्या टीम आउटिंगमध्ये ‘टीम स्पिरिट’वर लेक्चर देणाऱ्या एचआरवाल्यांनी एकदा काष्टीला यावं!

साडेचारला पाच जणी आल्या. सगळ्या गटातल्याच. सकाळपासून कुणी ज्वारी काढून आली होती, कुणी बाजारात भाजी विकून. चहा झाला आणि कामाला सुरुवात.

रान आधीच तयार होतं. मातीचे उंच बेड, त्यावर ठिबकची नळी, वरून चंदेरी कागद. कागदाला ठरावीक अंतरावर भोकं आदल्याच दिवशी पाडून ठेवली होती. कारण कागदाखाली कोंडलेली गरम हवा भोकातून आधी निघून जायला हवी. शुक्रवारी रात्री वीज आल्यावर बेड भिजवले होते आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत माती छान वाफशावर आली होती. वाफसा हा शब्द मला फार आवडला. हातात घेऊन दाबली तर मुठीत गोळा व्हावी आणि बोटानं ढकलली तर फुटावी, अशी माती. ना चिखल, ना धूळ. माझ्या कुंडीत आधी धूळ होती आणि नंतर चिखल. वाफसा कधी आलाच नाही!

मामांनी एका टबात पाणी घेतलं, त्यात ट्रायकोडर्मा कालवलं. ही एक मित्रबुरशी. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ती आवरते. प्रत्येक ट्रे त्या पाण्यात बुडवून, निथळून बेडच्या टोकाला ठेवायचा. गड्डा ओला झाला की कप्प्यातून सहज सुटतो आणि लावल्यावर पहिले काही तास रोपाकडे स्वतःची शिदोरी असते.

मग आत्यानं मला शिकवलं. रोप खोडाला धरून ओढायचं नाही. ट्रेच्या खालून बोटानं दाबायचं, गड्डा वर येतो, तो धरायचा. भोकाच्या बरोबर मधोमध लावायचं, पान किंवा खोड कागदाला टेकता कामा नये. दुसऱ्या दिवशी तो कागद तापला की टेकलेलं खोड भाजतं. टोमॅटोचं रोप थोडं खोल गेलं तरी चालतं, त्याच्या खोडालाही मातीत मुळं फुटतात. मिरची-वांग्याला मात्र ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल. आणि दोन बोटांनी बाजूची माती दाबायची, पोकळी ठेवायची नाही. गड्डा पोकळीत लटकला तर मुळं हवेतच वाळतात.

ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या वीस रोपांत माझी कंबर बोलायला लागली. पुढच्या ओळीतल्या मावशी माझी एक ओळ होईपर्यंत चौथी ओळ संपवून पाचवीत शिरल्या होत्या.

“ह्ये तर खेळणं हाय,” त्या हसत म्हणाल्या. “कांद्याला यायचं व्हतं तू.”

मग कळलं. नगर हा कांद्याचा जिल्हा. उन्हाळी कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत लावतात. वाफ्यातून उपटायची, जुड्या करायच्या आणि एक एक रोप हातानं खोचत जायचं. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर. मी रात्री मोबाइलवर हिशेब केला. या अंतरानं एका एकरात अडीच लाखांहून जास्त रोपं बसतात! आणि बहुतेक ठिकाणी ही लागण बायकाच करतात, वाकून. आपल्या कांदेपोह्यांतला कांदा कुणीतरी एकदा बोटांच्या चिमटीत धरून, हलवून, दुसऱ्या जागी रुजवलेला असतो, हे मला अठ्ठावीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

मधेच मी एक कवी-कल्पना फेकली. “आत्या, रोप म्हणजे अगदी मुलीसारखंच नाही? माहेरून उचलायचं, सासरी रुजायचं…”

आत्या मान वर न करता म्हणाली, “छ्या! रोपाला लावल्या लावल्या पाणी मिळतं.”

पाचही जणी खदाखदा हसल्या. मी गप्प बसून रोपं लावायला लागले.

साडेसहाच्या पुढे दिवस मावळला. अजून सातेक बेड बाकी होते. कुणीही ‘आता पुरे’ म्हटलं नाही. मोबाइलचे टॉर्च लागले, कुणी तोंडात धरला, कुणी ब्लाउजच्या गळ्यात खोचला. मामा पाठीवर पंप घेऊन मागून आळवणी करत येत होते, म्हणजे प्रत्येक रोपाच्या बुडाशी थोडं थोडं पाणी सोडत. आठ वाजता शेवटचा ट्रे रिकामा झाला. माझ्या खात्यात साडेतीन तासांत दीडशे रोपं. त्यातली अकरा आत्यानं पुन्हा लावली.

रात्री दहा वाजता वीज आली. मोटार सुरू झाल्याचा आवाज ऐकून मामा म्हणाले, “झोपा आता.”

माना टाकलेला रविवार

सकाळी उठले तेव्हा रान बघून इतकं भारी वाटलं! चंदेरी कागदावर हिरव्या ठिपक्यांच्या सरळ ओळी. अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक. आणि बाराच्या सुमाराला बघते तर ओळीच्या ओळी माना टाकून! पानं लोंबलेली, शेंडे खाली. माझ्या पोटात गोळाच आला. अगदी हेच दृश्य मी बाल्कनीत तीनदा बघितलं होतं. मी धावत घरात गेले.

“आत्या, सगळी गेली! पाणी चालू करायला सांग!”

आत्या भाकऱ्या थापत होती. “माती बघितली हात घालून?”

“नाही.”

“बघून ये.”

गेले. भोकात बोट घातलं. कागदाखाली माती गार आणि ओलसर होती.

“मग?” आत्या म्हणाली. “मान टाकलीया, मेलं न्हाई. सांच्याला उचलंल. आत्ता पाणी ओतशील तर मुळ्या कुजतील.”

आणि हे त्या वीकेंडमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. लावल्यानंतर पहिले तीन-चार दिवस रोप दुपारी मान टाकणारच. मुळांनी नव्या मातीत हातपाय पसरलेले नसतात, त्यामुळे भर उन्हात पानांतून जाणाऱ्या पाण्याची भरपाई होत नाही. पानं लोंबवून रोप स्वतःला वाचवत असतं. लोंबलेल्या पानावर ऊन कमी पडतं, पाणी कमी उडतं. संध्याकाळी ऊन उतरलं की ते पुन्हा ताठ होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेही मान खालीच असेल, तर मात्र काळजी करायची. माझी बाल्कनीतली रोपं सोमवारी सकाळीच माना टाकून होती, आणि तरी ती कदाचित वाचली असती. त्यांना मारलं ते माझ्या दिवसातून तीनदाच्या पाण्यानं. धुतलेल्या, तुटलेल्या मुळांना वर चिखलात बुडवलं मी!

पाणी द्यायचंच नाही असंही नाही. लागणीनंतर तीन-चार दिवसांनी हलकं पाणी देतात, त्याला आंबवणी म्हणतात. त्यानंतर माती बघून. म्हणजे रोपाला लावल्यावर एकदा पोटभर, मग थोडी उसंत, मग पुन्हा. त्या उसंतीतच मुळं पाणी शोधत खाली जातात.

संध्याकाळी साडेपाचला माझी एसटी होती. निघायच्या आधी रानात डोकावले. ओळीच्या ओळी पुन्हा ताठ उभ्या!

तुमच्या बाल्कनीसाठी आत्याचे नियम

* घरी आणलेलं रोप त्याच दिवशी लावू नका. चार-पाच दिवस सावलीतून हळूहळू उन्हाकडे सरकवा. पाणी जरा कमी द्या.
* मुळांभोवतीचा गड्डा फोडू नका, धुऊ नका. लावायच्या आधी तो पाण्यात बुडवून ओला करा.
* कुंडीतली माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. लावताना ती वाफशावर हवी. कुंडीच्या तळाला भोक हवंच.
* वेळ फक्त संध्याकाळची. ऑफिसातून सातला आलात तरी चालेल, टॉर्च लावा. रविवारची दुपार ब्रंचसाठीच ठेवा!
* पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा करा. जुनी ओढणीसुद्धा चालेल.
* मान टाकली की आधी मातीत बोट घाला, मग ठरवा. बोटभर खोल ओल असेल तर हात मागे.
* मेथी, पालक, गाजर, मुळा यांची रोपं करायच्या भानगडीत पडू नका, बी थेट कुंडीत टाका. काकडी-दोडक्यालाही मुळं दुखावलेली चालत नाहीत. रोप करायचंच तर ट्रेमध्ये आणि दोन खरी पानं येताच हलवायचं.

सावड फिटली

दहा दिवसांनी आत्याचा फोटो आला, व्हॉट्सॲपवर. खाली एकच ओळ: ‘नांग्या १३५’. साडेचार हजारांत एकशे पस्तीस! आदल्या वर्षी बाराशेच्या वर होत्या.

म्हणजे पुढे सगळं गोड गोड झालं असं समजू नका. टोमॅटोचा भाव कुणाच्या हातात नसतो. २०२३ मध्ये मे महिन्यात शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले आणि जुलैत तेच टोमॅटो शहरांत शंभर रुपये किलोच्या पुढे गेले, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आत्याच्या पहिल्या तोड्यांना बरा भाव मिळाला, मधल्यांना नुसती तोडणी आणि भाडं निघालं. गटाचं कर्ज फिटलं. नवीन मोटार घ्यायची होती, ती राहिली. पण रान एकसारखं वाढलं होतं, म्हणून बऱ्या भावाच्या त्या दोन आठवड्यांत सगळी झाडं एकदम माल देत होती. त्या बाराशे नांग्या असत्या तर तेही हाती लागलं नसतं. भाव आपल्या हातात नाही, पण संध्याकाळी साडेचार वाजता लावायचं की दुपारी एकला, हे पाच बायकांनी मिळून आपल्या हातात घेतलं होतं.

आत्यानं पाचही जणींची सावड फेडली. एकीचा गवार तोडला, दुसरीच्या वांग्यांत खुरपलं, असं करत करत.

मग एकदा ती डोळे तपासायला पुण्यात आली. येताना वर्तमानपत्रात गुंडाळून मिरचीची चार रोपं घेऊन आली, गड्ड्यांसकट. संध्याकाळी सहा वाजता, ऊन उतरल्यावर, आम्ही दोघी बाल्कनीत बसलो. माती मी आदल्या रात्रीच भिजवून ठेवली होती. आत्यानं ती मुठीत दाबून बघितली, बोटानं फोडली आणि काही बोलली नाही. म्हणजे पास!

“बाकीच्यांची फेडली,” रोप लावता लावता ती म्हणाली. “तुझी तेवढी राह्यली व्हती.”

चारही मिरच्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी माना टाकल्या. मी मातीत बोट घातलं, ओल लागली, आणि सरळ कामाला निघून गेले.